दशांशवध आणि रोमचे इतिहासकार

रोमन लोकांनीं जग जिंकलें तें शिस्तीच्या बळावर, हें वाक्य शाळेंतील इतिहासापासून विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांपर्यंत इतक्या वेळां लिहिलें जातें कीं, त्याचा नेमका अर्थ काय हें विचारण्याची कोणास आवश्यकताच वाटत नाहीं. त्या शिस्तीचें उदाहरण द्यावयाचें झालें म्हणजे तेंही बहुधा ठरलेलें असतें. रणांतून पळून आलेल्या तुकडीस सर्व सैन्यासमोर उभें करावें, चिठ्ठ्या टाकाव्या, आणि दर दहांतील एकास त्याच्याच सोबत्यांकडून सोट्यांनीं ठार मारवावें. लॅटिनमध्यें या शिक्षेस ‘डेसिमाशिओ’ म्हणतात. मराठींत तिला रूढ शब्द नाहीं. म्हणून या लेखापुरतें आम्ही तिला दशांशवध म्हणूं. इंग्रजींत या शब्दाचें पुढें जें झालें तें मोठें मौजेचें आहे. आजच्या वर्तमानपत्री इंग्रजींत ‘डेसिमेट’ करणें म्हणजे समूळ नाश करणें. दहांतील नऊ जिवंत राहतात, हीच गोष्ट तो शब्द विसरून गेला आहे. आणि या शिक्षेचें सारें मर्म तर त्या नऊ जणांत आहे.

रोमन लोक क्रूर होते कीं नव्हते, हा आमचा वाद नव्हे. त्या काळीं कोणतें राष्ट्र क्रूर नव्हतें? आमचा वाद वाचनाविषयीं आहे. दशांशवधाची जी माहिती आपणांस आहे ती पांच-सात ग्रंथकारांच्या थोड्याशा उताऱ्यांतून आलेली आहे. हे उतारे आपापल्या जागेवरून उचलून, एकापुढें एक चिकटवून, त्यांतून ‘रोमन शिस्त’ नांवाची एक भव्य मूर्ति उभी करण्यांत आली आहे. मात्र प्रत्येक उतारा त्याच्या मूळच्या जागीं ठेवून वाचला, तर तो त्या मूर्तीच्या स्तुतिपाठकांस फारसा अनुकूल नाहीं असें दिसून येतें. आणि हा केवळ पंडिती प्रश्न आहे असेंही नाहीं. पहिल्या महायुद्धांत इटलीच्या सैन्यांत, लुइजी कादोर्ना याच्या सेनापतित्वाखालीं, दोषी कोण हें ठरत नसेल तेथें चिठ्ठ्या टाकून शिपाई निवडावे व त्यांस गोळ्या घालाव्या अशी मोकळीक अधिकाऱ्यांस देण्यांत आली होती, व १९१७ च्या जुलैंत कातान्झारो ब्रिगेडमधील बंडानंतर ती अमलांतही आली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत कापोरेत्तो येथें तें सैन्य कसें मोडलें हें सर्वश्रुत आहे. जुन्या पुस्तकांतील स्तुति ही अशी कधीं कधीं पुस्तकाबाहेर पडत असते.

प्रथम पॉलिबियस, कारण बाकीचे सर्व त्याच्यावर उभे आहेत. हा ग्रीक गृहस्थ स्वतः घोडदळाचा अधिकारी होता. इ. स. पूर्व १६७ मध्यें जे सुमारें हजार अखाइयन लोक ओलीस म्हणून इटलींत नेण्यांत आले त्यांत तो होता. तेथें सिपिओ एमिलियानस याच्याशीं त्याचा स्नेह जडला, आणि ज्या लोकांनीं आपल्या देशास जिंकलें ते कशामुळें जिंकले याचा शोध घेणें हेंच त्याचें जीवितकार्य झालें. त्याच्या सहाव्या ग्रंथांत रोमन छावणीचें जें वर्णन आहे त्याहून नेटकें वर्णन प्राचीन वाङ्मयांत क्वचितच सांपडेल. तंबूंच्या रांगा, पहाऱ्यांच्या पाळ्या, सांकेतिक शब्दाच्या पाट्या, सर्व कांहीं मोजून-मापून सांगितलेलें आहे; आणि याच मोजमापाच्या ओघांत शिक्षांचीं दोन प्रकरणें येतात.

पहिल्या प्रकरणांत एकट्या अपराध्याची गोष्ट आहे. रात्रींच्या पहाऱ्यांत कसूर झाली, छावणींत चोरी झाली, कोणीं खोटी साक्ष दिली, तर अधिकाऱ्यांची सभा बसते, चौकशी होते, आणि दोष शाबीत झाल्यास अधिकारी सोटा घेऊन त्या माणसास केवळ स्पर्श करतो. तो स्पर्श होतांच छावणींतील सर्व शिपाई सोटे व दगड घेऊन त्याच्यावर तुटून पडतात. बहुतेक तो तेथेंच मरतो. जो वांचतो त्याचीही सुटका नसते, कारण त्याला घरीं परत जाण्याची मोकळीक नाहीं, व त्याचे आप्त त्यास घरांत घेण्यास धजत नाहींत. दुसऱ्या प्रकरणांत अनेकांच्या अपराधाची गोष्ट आहे. एखादी तुकडीच्या तुकडीच जागा सोडून पळाली, तर सर्वांस मारणें अधिकारी टाळतात, आणि जी तोड काढतात ती सोयीचीही आहे व भयंकरही आहे, असें पॉलिबियस सांगतो. कधीं पांच, कधीं आठ, कधीं वीस, अशा बेतानें एकूण संख्येच्या सुमारें दहावा हिस्सा चिठ्ठ्यांनीं निवडला जातो व वर सांगितलेल्या रीतीनेंच मारला जातो. उरलेल्यांस गव्हाऐवजीं जव मिळतात, आणि तटाच्या बाहेर, उघड्यावर, त्यांना मुक्काम करावा लागतो.

ही दोन प्रकरणें लागोपाठ वाचणाऱ्याच्या मनांत एक गोष्ट भरल्याशिवाय राहात नाहीं. एकट्या चोराकरितां सभा बसते, चौकशी होते. तुकडीकरितां सभा नाहीं, चौकशी नाहीं. पहिल्यानें कोण पळाला, शेवटपर्यंत कोण उभा राहिला, हा प्रश्नच निघत नाहीं. पॉलिबियसच्या मतें हेंच त्या युक्तीचें सामर्थ्य. चिठ्ठी कोणावर येईल हें ठाऊक नसल्यानें भय सर्वांवर सारखें राहतें. हा युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो एखाद्या यंत्राच्या कारागिराचा युक्तिवाद आहे. साऱ्या प्रकरणांत एकही नांव नाहीं, एकही साल नाहीं, अमक्या रणांगणावर अमक्या तुकडीचें असें झालें असा एकही दाखला नाहीं. सारीं क्रियापदें रीतिवर्तमानकाळांतलीं: असें करतात, असें होतें. यंत्र कसें चालतें हें सांगणाऱ्यानें तें शेवटचें केव्हां चाललें हें सांगितलेलें नाहीं.

हें मौन अधिक बोलकें होतें तें त्याच्याच इतर ग्रंथांमुळें. इ. स. पूर्व २०६ मध्यें स्पेनमध्यें सुक्रो येथें रोमन सैन्यानें बंड केलें. तेथें तरुण सिपिओनें काय केलें याची हकीकत पॉलिबियस विस्तारानें देतो. सिपिओनें पस्तीस पुढारी हेरले, त्यांना युक्तीनें पकडलें, सर्वांसमक्ष ठार केलें, व बाकीच्यांचा थकलेला पगार चुकता केला. चिठ्ठ्या नाहींत, दहावा हिस्सा नाहीं. नांवें माहीत असलेले अपराधी आणि ज्या तक्रारींत तथ्य होतें तिचें निवारण. तसेंच कॅनीचें. इ. स. पूर्व २१६ मधील त्या पराभवाहून मोठा पराभव रोमनें क्वचितच पाहिला. तेथून जिवंत परतलेल्यांवर सेनेटचा रोष झाला खरा, पण त्यांचा दशांशवध झाला नाहीं. त्यांना सिसिलींत पाठविलें, युद्ध संपेपर्यंत घरीं येण्याची बंदी केली; आणि त्याच कलंकित पलटणींना पुढें सिपिओ आफ्रिकेंत घेऊन गेला व इ. स. पूर्व २०२ मध्यें झामा येथें त्यांच्याच बळावर त्यानें हॅनिबलला जिंकलें. रोमन शिस्तीचें ज्यास उदाहरण द्यावयाचें असेल त्यानें हें कां देऊं नये, हें आम्हांस समजलेलें नाहीं. कदाचित् त्यांत सोटा नसल्यामुळें तें पुरेसें रोमन वाटत नसावें!

आतां लिव्ही. दशांशवधाचें सर्वांत जुनें म्हणून जें उदाहरण नेहमीं पुढें केलें जातें तें त्याच्या दुसऱ्या ग्रंथांतील आहे. साल इ. स. पूर्व ४७१, शत्रु व्होल्सी, सेनापति आपियस क्लॉडियस. सैन्य पळालें; आपियसनें हत्यारें टाकलेले शिपाई, निशाणें गमावलेले निशाणदार, जागा सोडलेले शतनायक यांना फटके मारवून त्यांचा शिरच्छेद करविला, आणि बाकीच्या जमावांतून चिठ्ठ्यांनीं दर दहावा मनुष्य ठार केला. येथवरचें सर्वांस पाठ असतें. परंतु ज्या वर्षाची ही कथा आहे त्या वर्षाविषयीं लिव्हीजवळ कोणतें साधन होतें? गॉल लोकांनीं रोम जाळलें त्या आगींत जुने लेख बहुतेक नष्ट झाले असें तोच सहाव्या ग्रंथाच्या आरंभीं कबूल करतो. आणि तो लिहीत होता तो ऑगस्टसच्या काळीं, म्हणजे घटनेनंतर चारशेंहून अधिक वर्षांनीं. उलटपक्षीं, त्याच्या तारुण्यांतच अँटनीनें आणि ऑक्टेव्हियननें आपापल्या सैन्यांत दशांशवध केले होते. जुन्या कथेंत भरलेला रंग कोणत्या काळचा असेल, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आम्हांस तो बराचसा नवा वाटतो.

पण कथा खरी मानली तरी तिचें तात्पर्य काय? लिव्हीनें ती एकटी सांगितलेली नाहीं. त्याच वर्षीं दुसरा कॉन्सल क्विंक्टियस एक्वी लोकांवर गेला होता. तो सौम्य, सैन्यास प्रिय. त्याला लूट मिळाली व तो यश घेऊन परतला. आपियसचें सैन्य कां पळालें, तर सेनापतीवरच्या द्वेषामुळें. त्यानें ‘चला’ म्हटलें कीं शिपाई मुद्दाम रेंगाळत, तो जवळून गेला कीं माना खालीं घालून मनांत शिव्याशाप देत, असें लिव्ही स्पष्ट लिहितो. त्या शिपायांना आपल्या सेनापतीचा पराभव हवा होता व त्यांनीं तो घडवून आणला. क्विंक्टियसचे शिपाई मात्र घरीं आल्यावर सांगत सुटले कीं, आम्हांस सेनेटनें बाप दिला, दुसऱ्यांस धनी. पुढच्या वर्षीं आपियसवर लोकांपुढें खटला उभा राहिला, व निकालापूर्वींच तो मरण पावला. म्हणजे लिव्हीनें दोन सेनापति समोरासमोर ठेवून एक चित्र काढलें, आणि आपल्या पाठ्यपुस्तककारांनीं त्याचें अर्धेंच अंग कापून भिंतीवर लावलें. आठव्या ग्रंथांतील हुकूमशहा पापिरियस याच्या कथेंतही हेंच आहे. त्याच्या कडकपणामुळें चिडलेलें सैन्य हातचा विजय अर्धवट सोडतें, आणि तो जखमी शिपायांच्या तंबूंत जाऊन त्यांची विचारपूस करूं लागल्यावर मग जिंकतें.

अशा दंतकथांच्या प्रदेशांतून बाहेर पडून ऐतिहासिक प्रकाशांत आल्यावर पहिला ठळक दशांशवध भेटतो तो इ. स. पूर्व ७१ च्या सुमाराचा, क्रॅससचा. स्पार्टाकसच्या मागावर दोन पलटणी घेऊन गेलेल्या मुम्मियस या दुय्यम अधिकाऱ्यानें, लढूं नको अशी आज्ञा असतांना लढाई दिली. शिपाई हत्यारें टाकून पळाले. प्लुटार्क सांगतो कीं, पळापळीस ज्यांनीं आरंभ केला असे ५०० शिपाई क्रॅससनें निवडले, त्यांचे दहा-दहांचे पन्नास गट केले, आणि प्रत्येक गटांतून चिठ्ठीनें एक मारला. मेले पन्नास. अपियन मात्र दोन वार्ता देतो. एकीप्रमाणें हा वध दोन पलटणींचा झाला. दुसरीप्रमाणें साऱ्या सैन्याचा झाला व सुमारें ४००० मेले. पन्नास आणि चार हजार! एकाच घटनेविषयीं ऐंशी पटींचा फरक. आणि यांपैकीं कोणता आंकडा खरा याचा निर्णय न करतांच अपियन पुढें जातो. त्याला आंकड्याची पर्वा नाहीं, परिणामाची आहे. कोणत्याही प्रकारें झालें असो, यानंतर सैनिकांना शत्रूच्या हातून होणाऱ्या पराभवापेक्षां क्रॅससचें भय अधिक वाटूं लागलें, हें त्याला सांगावयाचें आहे.

या सांगण्याविषयीं येथें थोडें थांबणें जरूर आहे, कारण रोमन शिस्तीच्या स्तोत्राचें हें धृपद आहे. अठराव्या शतकांत गिबननेंही आपल्या इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणांत हें रोमन शिस्तीचें मूळ सूत्र म्हणून दिलें आहे. परंतु सूत्र रोमन नव्हे, ग्रीक आहे, आणि अपियनच्या किती तरी आधींचें आहे. शिपायाला शत्रूपेक्षां सेनापतीचें भय अधिक वाटलें पाहिजे, हें मत झेनोफननें आपल्या ‘अनाबासिस’ ग्रंथांत स्पार्टाच्या क्लिआर्कसचें म्हणून नमूद केलें आहे. अपियन हा अलेक्झांड्रियाचा ग्रीक. शाळेंत झेनोफन वाचूनच तो मोठा झालेला असणार. तेव्हां क्रॅससच्या छावणींत शिपायांच्या मनांत काय होतें याची ही साक्ष आहे, कीं ग्रीक शाळेंतील एक घोटून पाठ केलेलें वाक्य योग्य स्थळीं बसविलें आहे, हें आज कोणी निश्चित सांगूं शकणार नाहीं. आणि झेनोफन तरी तें वाक्य सांगून थांबतो काय? नाहीं. तो पुढें सांगतो कीं, संकटांत क्लिआर्कसचें सर्व ऐकत, पण संकट टळलें व दुसरीकडे जाण्याची वाट दिसली कीं पुष्कळजण त्याला सोडून जात. मुलें पंतोजीकडे पाहतात तशा नजरेनें शिपाई त्याच्याकडे पाहात. झेनोफन स्वतः सैनिक होता. त्यानें सूत्रही दिलें व त्याची किंमतही लिहून ठेवली. सूत्र दोन हजार वर्षें फिरत राहिलें. किंमत कोणीं उतरून घेतली नाहीं.

प्लुटार्कच्या हकीकतींतील एक शब्द मात्र आम्हांस फार मोलाचा वाटतो. क्रॅससनें ही वाडवडिलांची शिक्षा पुष्कळ काळानंतर पुन्हां सुरू केली, असें तो म्हणतो. पुन्हां सुरू केली! म्हणजे ज्या दोन-तीनशें वर्षांत रोमनें इटली, कार्थेज, मासिदोनिया व ग्रीस घेतले, त्यांतल्या शेवटच्या दीर्घ काळांत तरी ती अडगळींत पडली होती. ‘वाडवडिलांची रीत’ या नांवानें जी गोष्ट बाहेर काढली जाते ती बहुतेक वेळां काढणाऱ्याच्या गरजेपुरती जुनी असते. क्रॅसस हा अपार श्रीमंत, पण सैनिक म्हणून पॉम्पीच्या मानानें फिका. समोर शत्रु कोण, तर पळालेले गुलाम. आणि त्यांच्यापुढून रोमन नागरिक पळतात! अशा माणसास आपल्या आज्ञेस वजन आणण्यासाठीं पूर्वजांची उसनवारी करावी लागली, तर त्यांत नवल नाहीं. प्लुटार्क आणखी सांगतो कीं, या मरणाच्या रीतींत लाज असते, आणि ती सर्वांच्या डोळ्यांदेखत होत असल्यानें तिच्या भोंवतीं पुष्कळ भयानक प्रकार घडतात. ते प्रकार कोणते हें तो लिहीत नाहीं. आमच्या मतें या विषयावरील साऱ्या प्राचीन लेखनांत माणसाच्या जवळ जाणारी अशीं जीं थोडीं स्थळें आहेत त्यांत हें एक.

क्रॅससनें वाट मोकळी केल्यावर पुढच्या चाळीस वर्षांत, म्हणजे यादवी युद्धांच्या ऐन काळांत, दशांशवधांचें पीकच आलेलें दिसतें. त्यांत सीझरची गोष्ट सर्वांत निराळी. इ. स. पूर्व ४९ मध्यें प्लासेन्शिया येथें नवव्या पलटणीनें बंड केलें. अपियनच्या सांगण्याप्रमाणें सीझरनें प्रथम दशांशवधाची घोषणा केली; मग अधिकाऱ्यांच्या काकुळतीवरून बंडाचे पुढारी समजल्या जाणाऱ्या १२० जणांपुरती ती आटोपती घेतली, आणि त्यांतून चिठ्ठीनें बारा निवडले. त्या बारांतील एकजण बंडाच्या वेळीं तेथें नव्हताच असें सिद्ध झालें. तेव्हां ज्या शतनायकानें त्याचें नांव घातलें होतें त्यालाच सीझरनें त्याच्या जागीं मारलें. या विषयाच्या साऱ्या कथांमधून फिरतांना, हा मनुष्य खरोखर दोषी आहे काय, असा प्रश्न कोणीं केलेला आम्हांस येथें आढळला. आणि प्रश्न निघतांच चिठ्ठीचें सोंग उघडें पडलें. गंमत अशी कीं, सीझरनें स्वतः लिहिलेल्या यादवी युद्धाच्या वृत्तांतांत या बंडाचा उल्लेखच नाहीं. आपल्या प्रत्येक पुलाची व खंदकाची लांबी सांगणाऱ्या लेखकास ही शिस्त मिरविण्यासारखी वाटली नाहीं. स्तुतिपाठकांनीं निदान याचा तरी विचार करावा.

अँटनीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. इ. स. पूर्व ३६ मध्यें पार्थियनांवरील स्वारींत, फ्राआटाच्या वेढ्यांत, त्याचे शिपाई मोर्चावरून हटले. त्यानें दहावा मारला, बाकीच्यांस जव घातले. पुढें वेढा उठवून परततांना त्याचे २०,००० पायदळ व ४,००० स्वार नष्ट झाले, निम्म्याहून अधिक रोगानें, असें प्लुटार्कच सांगतो; त्या उपासमारीपुढें जवाची शिक्षा म्हणजे मेजवानी ठरली असती. ऑक्टेव्हियननें दोन वर्षांनीं डाल्मेशियांत तेंच केलें, आणि तो जिंकला. यावरून शिक्षेनें जय मिळतो असेंही ठरत नाहीं व पराजय होतो असेंही ठरत नाहीं. सेनापति कोण आणि कोठार किती भरलेलें, यावरच सारें अवलंबून राहतें.

टॅसिटसकडे वळतांना एक गोष्ट प्रामाणिकपणें मान्य केली पाहिजे. दशांशवधाचा उपयोग झाल्याचें सर्वांत स्पष्ट उदाहरण त्याच्याच ग्रंथांत आहे, आणि तें सोयीचें नाहीं म्हणून झांकणें बरें नव्हे. इ. स. २० मध्यें आफ्रिकेंत टाक्फारिनास नांवाच्या बंडखोर पुढाऱ्यानें एका ठाण्यावर हल्ला केला. ठाण्याचा प्रमुख डेक्रियस तटाबाहेर उभा राहून लढला. डोळा जखमी झाला, अंगावर वार झाले, तरी तो मागें हटला नाहीं, आणि शिपाई त्यास सोडून पळाल्यावर एकटाच पडला. प्रांताधिकारी आप्रोनियस यानें त्या तुकडीचा दहावा हिस्सा सोट्यांनीं मारविला. हें कृत्य त्या काळीं विरळा व जुन्या आठवणींतलें होतें, असें टॅसिटस मुद्दाम नोंदवितो; आणि नंतर थाला येथें जास्तींत जास्त ५०० जुन्या शिपायांच्या एका तुकडीनें त्याच टाक्फारिनासची फळी फोडली, हें तो त्या कडकपणाचें फळ म्हणून सांगतो. असेलही. मात्र ज्यांनीं फळी फोडली ते मार खाल्लेल्या तुकडींतले नव्हते. ते मुरलेले जुने शिपाई होते. शिवाय टाक्फारिनासचें बंड त्यानंतरही चार वर्षें चाललें. त्यानंतर अर्ध्या शतकानें, इ. स. ६८ मध्यें, वृद्ध गाल्बानें पलटणीचा दर्जा मागणाऱ्या खलाशांवर घोडेस्वार सोडले व वर त्यांचा दहावा हिस्सा मारला. पुढील जानेवारींत त्याला फोरममध्यें भर दिवसा ठार केलें, तेव्हां त्याच्या बाजूनें उभे राहणारे शिपाई फार थोडे निघाले.

पण टॅसिटसचें खरें मोठेपण आफ्रिकेच्या प्रसंगांत नाहीं. तें आहे त्याच्या ‘अॅनल्स’च्या चौदाव्या ग्रंथांत, जेथें सैन्याचा संबंधच नाहीं अशा ठिकाणीं दशांशवध अचानक प्रकट होतो. इ. स. ६१ मध्यें रोमचा नगराधिकारी पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामानें खून केला. मुक्ततेची किंमत ठरवूनही धन्यानें शब्द मोडला म्हणून, किंवा एका मुलावरील प्रीतीच्या मत्सरानें. टॅसिटस दोन्ही कारणें देतो. धन्याचा खून झाला तर त्या छपराखालीं राहणारे सर्व गुलाम मारावे, अशी जुनी रीत होती. पेडानियसच्या घरांत गुलाम होते ४००. त्यांत बायका होत्या, मुलें होतीं, आणि बहुतेकांचा खुनाशीं कांहीं संबंध नाहीं हें सर्वांस दिसत होतें. शहरांत लोक खवळले. सेनेटला गराडा पडला. सेनेटमध्येंही कांहीं जणांस हा अतिरेक वाटत होता. तेव्हां गायस कॅसियस भाषणास उभा राहिला.

हा कॅसियस त्या काळचा श्रेष्ठ कायदेपंडित. त्याआधीं तो सीरियाचा अधिकारी होता, आणि युद्ध नसतांनाही त्यानें तेथील पलटणींत जुनी शिस्त पुन्हां आणली होती, हें टॅसिटसनें आधींच एका ठिकाणीं सांगून ठेवलें आहे. सेनेटमध्यें त्यानें पूर्वजांच्या शहाणपणाचा आधार घेतला; एवढ्या मोठ्या घरांत एकासही सुगावा लागला नसेल काय असें विचारलें; नाना देशांतून आणलेल्या गुलामांच्या जमावास भयावांचून आवर नाहीं असें म्हटलें. आणि निरपराध्यांचें काय, या आक्षेपास त्यानें उत्तर काढलें तें छावणींतून. पळालेल्या सैन्याचा दहावा भाग मारतात तेव्हां शूराच्या नांवाचीही चिठ्ठी निघतेच. कोणताही मोठा धडा घालून देतांना कोणावर तरी अन्याय होतो, परंतु लोकांचें हित झाल्यानें एकेकट्याचें नुकसान भरून निघतें, असा त्याच्या म्हणण्याचा आशय.

या भाषणाच्या रचनेकडे वाचकांनीं नीट पाहावें. पॉलिबियसनें दशांशवधाचें समर्थन केलें तें, सर्वांस मारणें टाळण्याची तोड म्हणून. कॅसियसनें त्याच दशांशवधाचा आधार घेतला तो, सर्वांस मारण्याकरितां! दहांतील नऊ वांचविण्याचा हिशेब चारशेंतील चारशें मारण्याच्या कामीं आला. तर्कशास्त्राच्या दृष्टीनें हें उदाहरण कॅसियसच्याच विरुद्ध जातें, आणि तो कायदेपंडित असल्यानें त्याला तें कळत नसेल असें म्हणवत नाहीं. मग तें तेथें कां आलें? कारण दशांशवधांतून हिशेब काढून टाकला म्हणजे जें उरतें तेंच त्याला हवें होतें: दोष आणि दंड यांचा संबंध तोडण्यास मिळालेली एक प्राचीन, लष्करी, प्रतिष्ठित संमति. एकदां ही संमति छावणींत मान्य झाली कीं ती छावणींतच राहील असें समजणें भोळेपणाचें आहे. ती छावणींतून घरांत आली, शिपायावरून गुलामावर आली, दहाव्यावरून सर्वांवर आली. आणि हा सारा प्रवास एका सुंदर लॅटिन भाषणाच्या चार ओळींत झाला.

टॅसिटसचें स्वतःचें मत काय? त्यावर विद्वानांचा वाद आहे. कांहींच्या मतें तो कॅसियसच्या बाजूचा आहे, कारण भाषण त्यानें अत्यंत तोलदार लिहिलें आहे. आमचें मत निराळें आहे, व तें आम्ही प्रसंगाच्या घडणीवरून बनविलें आहे. भाषण एकच आहे. विरुद्ध बाजूला भाषण नाहीं. कॅसियसला उत्तर देण्यास एकही सेनेटर धजला नाहीं. उठले ते नुसते आवाज. इतके लोक, इतकीं लहान, त्यांत बायका, आणि बहुतेक निर्दोष, असे नांव नसलेले, वाक्य नसलेले आवाज. वक्तृत्वांत मुरलेल्या टॅसिटसला दुसऱ्या बाजूचें भाषण लिहिणें अवघड नव्हतें. इतरत्र त्यानें तशा जोड्या लिहिल्या आहेत. येथें त्यानें युक्तिवाद एका बाजूला ठेवला व माणसें दुसऱ्या बाजूला ठेवलीं. ज्या सभेंत युक्तिवाद जिंकतो त्या सभेचें चित्र याहून स्पष्ट कसें काढावें? इतिहासकारानें आपलें मत न सांगतां तें दाखविण्याची ही रीति आहे, आणि लिव्हीच्या बाप व धनी यांच्या जोडचित्रापेक्षां ती अधिक सूक्ष्म आहे.

पुढची हकीकत थोडक्यांत आहे. लोक दगड व मशाली घेऊन जमले. हुकूम बजावणें कठीण झालें. नीरोनें जाहीरनामा काढून लोकांची कानउघाडणी केली, आणि ज्या रस्त्यानें त्या चारशेंना न्यावयाचें होतें त्याच्या दोन्ही बाजूंस शिपायांच्या रांगा उभ्या केल्या. त्या रांगांमधून ते नेले गेले. सेनेटमध्यें किंगोनियस व्हारो नांवाच्या सभासदानें आणखी एक सूचना आणली कीं, त्या घरांत राहणारे पूर्वीचे मुक्त झालेले गुलामही इटलींतून हद्दपार करावे. ती मात्र नीरोनें होऊं दिली नाहीं. जुनी रीत दयेनें सौम्य झाली नाहीं, तर ती क्रौर्यानें अधिक कडक तरी करूं नये, हें त्याचें कारण. कॅसियसला पुढें इ. स. ६५ मध्यें त्याच नीरोनें सार्डिनियास हद्दपार केलें. त्याच्यावरचा एक आरोप असा होता कीं, सीझरचा खून करणाऱ्या आपल्या पूर्वजाची प्रतिमा त्यानें घरांत सन्मानानें ठेविली होती. सेनेटनें तोही ठराव मंजूर केला.